भैरवीने सुरू झालेली मैफल

भैरवी शेवटी गायची, हा मैफलीचा जुना रिवाज. गायकाने तिचे सूर लावले की आता उठायची वेळ झाली, हे कुणाला सांगावं लागत नाही. आमच्या कोरपन्याच्या बाजूला खंजिरी भजन रात्रभर रंगलं तरी पहाटे त्याचा शेवट भैरवीतच होतो. आणि दूरदर्शनने १५ ऑगस्ट १९८८ रोजी, लाल किल्ल्यावरचं पंतप्रधानांचं भाषण झाल्यानंतर, ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ पहिल्यांदा दाखवलं, तेव्हा त्याची सुरुवातच भैरवीने झाली. धबधब्यापुढे पंडित भीमसेन जोशी, आणि मागे पाणी कोसळत असताना त्या पाण्याहून भरदार असा त्यांचा षड्ज.

ही काही मालिका नव्हती किंवा ठरल्या वारी ठरल्या वेळी लागणारा कार्यक्रमही नव्हता. तरी मी त्याला सहा मिनिटांत बसवलेलं विविधगुणदर्शन मानतो. गायक, नट, खेळाडू, चित्रकार, लेखक, माहूत, शेतकरी असे सगळे एका रंगमंचावर यावेत आणि कुणीही दुसऱ्याचा वेळ खाऊ नये, हे त्यात साधलं आहे. दूरदर्शनच्या त्या काळातल्या संगीतावर लिहायला बसलं की मला म्हणूनच आधी हे गाणं आठवतं. छोट्या पडद्यावरच्या गाण्यात जे जे उत्तम होतं, ते इथे एकवटलेलं आहे.

आमच्या भागात ते ज्या कानांवर पडलं, त्या कानांबद्दल थोडं सांगायला हवं. कोरपना हा चंद्रपूर जिल्ह्याचा तेलंगणाला टेकलेला तालुका. पूर्वी तो राजुऱ्यात होता, आणि राजुऱ्याचा सगळा मुलूख १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. त्यामुळे निजामाच्या शाळेत शिकलेल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी उर्दू असायची, बाजारात तेलुगू, माणिकगडच्या पहाडात गोंडी आणि कोलामी, घरात आणि कचेरीत मराठी. चुनखडीमुळे आवारपूर, गडचांदूर, उपरवाही इथे सिमेंटचे कारखाने उभे राहिले आणि त्यांच्या वसाहतींत देशभरातून माणसं आली. गडचांदूरच्या आठवडी बाजारात भाजी घेताना चार-पाच भाषा कानावर पडणं ही नेहमीचीच गोष्ट. संगीताचं म्हणाल तर दिवाळीच्या सुमारास गोंड गावांत दंडार निघते. ढोल, तुडुम, पेपरे, मोरपिसांचे टोप घातलेले गुसाडी, मध्येच सोंगं आणि हसवाहसवी. नाच, गाणं आणि नाटुकलं एकाच अंगणात पाहायची सवय आम्हाला टीव्हीने लावली नाही. ती आधीपासून होतीच.

टीव्हीने दिली ती दुसरीच गोष्ट. ऑगस्ट १९८३ मध्ये इन्सॅट-१बी उपग्रह वर गेला आणि १९८४ च्या वर्षभरात देशात लघुशक्ती प्रक्षेपकांची रांग लागली. हे प्रक्षेपक दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम उचलून पुढे देत. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालेलं. तिथला विनय आपटेंचा ‘गजरा’ आणि भावगीतांना वाहिलेला अरुण काकतकरांचा ‘शब्दांच्या पलीकडले’ यांची कीर्ती पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांकडून कळायची. आमच्या वाट्याला मुख्यतः दिल्ली आली: ‘चित्रहार’, एकतीस डिसेंबरच्या रात्रीचा खास कार्यक्रम, उशिरा रात्री लागणारा शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम. पडद्यावर मुंग्या, कौलांवर अँटेना फिरवणारा मुलगा, खालून ‘आलं, आलं, हात काढू नको’ अशी ओरड. या सगळ्यातून जे पोहोचलं ते म्हणजे गाणाऱ्याचा चेहरा. नागपूर आकाशवाणी आणि विविध भारतीमुळे आवाज ओळखीचे होते. पण तान घेताना भीमसेनांचा हात कुठे जातो, डोळे कधी मिटतात, श्वास नेमका कुठे घेतला जातो, हे चार हातांवरून पाहायला मिळणं ही अपूर्वाई होती. मुंबईच्या श्रोत्याला असा गवई सभागृहात दिसत असे. कोरपन्यात तो पहिल्यांदा पडद्यावर दिसला.

आता गाण्याकडे वळू. पियूष पांडे यांचे शब्द, अशोक पत्कींची चाल, लुई बँक्स यांचं वाद्यसंयोजन, सुरेश मलिक यांची कल्पना आणि कैलाश सुरेंद्रनाथ यांचं चित्रण. शब्द फारच थोडे आहेत. एकच आशय चौदा भाषांतून फिरतो. कागदावर पाहिलं तर ही योजना धोक्याचीच होती, कारण तेच ते चौदा वेळा ऐकून कुणीही कंटाळेल. तो कंटाळा येत नाही, याचं मोठं श्रेय मी भैरवीच्या निवडीला देतो. भैरवीचे रे, ग, ध, नी कोमल हे खरं, पण ठुमरी, भजन, लोकगीत गाताना तिच्यात बाराही स्वर सुखाने नांदतात. ती कुणाला उंबऱ्यावर थांबवत नाही. मल्हार किंवा दरबारी निवडला असता तर पंजाबी ढोलाला आणि बंगाली लोकधुनेला त्या रागाच्या शिस्तीत कोंबावं लागलं असतं. भैरवीत प्रत्येक प्रांताची धून आपापल्या चालीने येऊन बसते. दक्षिणेतही तिच्या स्वरांचं घर आहेच: आपल्या भैरवीचे स्वर तेच कर्नाटक संगीतातल्या हनुमतोडीचे, आणि सिंधुभैरवी तर तिथे रसिकांची लाडकी. म्हणून उत्तरेतून एम. बालमुरलीकृष्णांच्या गळ्यात गाणं शिरतं तेव्हा धक्का बसत नाही. गमक बदलतं, उच्चार बदलतो, स्वर मात्र आपलेच वाटतात.

दुसरं श्रेय अशोक पत्कींच्या हाताला. ‘आभाळमाया’, ‘वादळवाट’ यांची शीर्षकगीतं ज्यांनी ऐकली आहेत त्यांना हा हात ओळखता येईल. जाहिरातींसाठी असंख्य चाली बांधलेल्या या संगीतकाराला काही सेकंदांत सूर मनात कसा रोवायचा हे पक्कं ठाऊक होतं. इथे प्रत्येक भाषेच्या वाट्याला तेवढेच सेकंद आले आहेत. त्या अवधीत प्रांताचा ठेका ऐकू यायला हवा, मूळ चाल हरवायला नको, आणि पुढच्या भाषेसाठी सूर मोकळा सोडायला हवा. खंजिरी भजनात एकाने ओळ टाकावी आणि ती जमिनीवर पडायच्या आत दुसऱ्याने झेलावी, तशी ही झेलाझेल आहे. दोन भाषांच्या मधला सांधा ऐका. कुठेच एक तुकडा संपवून दुसरा सुरू केल्यासारखं वाटत नाही. आधीच्या आवाजाचा शेवटचा स्वर हवेत असतानाच पुढचं वाद्य बोलू लागतं.

चित्रणातही तोच संयम. कमल हासन, अमिताभ बच्चन, वहिदा रहमान, शबाना आझमी, प्रकाश पदुकोण, मारिओ मिरांडा, मल्लिका साराभाई, कुणीही आपल्या मापाहून मोठं दिसत नाही. कोलकात्याची मेट्रो आणि केरळचा हत्ती यांना नटांइतकाच मान. अनेक ठिकाणी कविता कृष्णमूर्तींचा आवाज आहे, पण त्या स्वतः दिसत नाहीत. पडद्यावर कोण आणि गळा कुणाचा, याचा विचार पाहणारा करत नाही, इतका तो आवाज प्रत्येक चेहऱ्याला बसलेला आहे. मराठी येते ती जवळजवळ शेवटी, तनुजा आणि डेक्कन क्वीनसोबत. आमच्या भागातून डेक्कन क्वीन फार लांबची गाडी, पण ती मराठी ओळ येईपर्यंत खोलीतलं कुणी हलत नसे. त्याआधी तेलुगू येऊन गेलेली असायची. तेव्हा वसाहतीतल्या तेलुगू घरांत काय होत असेल याचा अंदाज सहज करता येतो.

मग लता मंगेशकर. पांढरी साडी, पदरावर तिरंग्याचे रंग. इथवर गाणं धावत आलेलं असतं आणि त्यांच्या प्रवेशाला एकदम लय सैलावल्यासारखी वाटते. भीमसेनांनी खालून भरीव आवाजात जे उभं केलं, तेच लताबाई वरून, अगदी बारीक धाग्याने बांधून घेतात. पहिला आवाज मंदिराच्या पायासारखा भासला असेल तर शेवटचा कुठेच टेकलेला नाही. दोघांचंही गाणं महाराष्ट्रात रुजलेलं, आणि दोघंही इथे हिंदीत गातात. मधल्या बाराहून अधिक भाषांना त्या दोन आवाजांनी दोन्ही अंगांनी धरून ठेवलं आहे. मैफल ज्या रागाने संपायची त्यानेच ती सुरू झाली, त्यामुळे संपताना निरोपाची हुरहुर नसते. उलट पुन्हा पहिल्यापासून ऐकावंसं वाटतं.

एक उणीव मात्र मला कोरपन्याचा माणूस म्हणून जाणवत राहिली. त्या चौदा भाषांत गोंडी नाही, कोलामी नाही. आमच्या पहाडातला ढोल त्यात कुठे ऐकू येत नाही. गाण्याच्या थोरवीत याने बाधा येत नाही, पण ज्या मुलांच्या घरची भाषा त्यात नव्हती तीही हे गाणं तोंडपाठ म्हणत होती, हे नोंदवून ठेवायला हवं. २०१० मध्ये ‘फिर मिले सुर’ या नावाने नवी आवृत्ती आली. ती सोळा मिनिटांच्या आसपास लांबली, कलाकार कितीतरी वाढले, आणि नेमकी ती झेलाझेल हरवली. प्रत्येकाला जास्त वेळ मिळाला की कार्यक्रम मोठा होतो, चांगला होतोच असं नाही.

विविधरंगी कार्यक्रमात गाण्याइतकाच महत्त्वाचा असतो तो गाणं आणि श्रोता यांच्या मधे उभा राहणारा माणूस. मराठीत निवेदनाची परंपरा मोठी आहे. सुधीर गाडगीळांसारख्या निवेदकांनी ‘मंतरलेल्या चैत्रबनात’सारखे कार्यक्रम नुसत्या बोलण्याने बांधून ठेवले. छोट्या पडद्यावर तबस्सुम यांनी ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ १९७२ पासून १९९३ पर्यंत चालवला, तो समोरच्याला बोलतं करण्याच्या हातोटीवर. आमच्याकडे सर्वांत जिव्हाळ्याची झाली ती ‘सुरभि’. १९९० मध्ये सुरू झालेला हा सांस्कृतिक कार्यक्रम २००१ पर्यंत चालला. सिद्धार्थ काक शांत, माहिती मोजून देणारे. रेणुका शहाणे हसऱ्या, ऐकणाऱ्या. शीर्षकसंगीत एल. सुब्रमण्यम यांचं. इथे लोककलावंत स्टुडिओत आणून सजवलेला नसे. बहुधा तो त्याच्या अंगणात, त्याच्या वाद्यासह दिसे, आणि निवेदन त्याच्या गाण्याच्या आधी संपत असे, गाण्यावर चढत नसे. शेवटी प्रश्न विचारला जाई. उत्तरादाखल एका आठवड्यात दहा लाखांहून अधिक पत्रं आली, तेव्हा टपाल खात्याला स्पर्धांसाठी दोन रुपयांचं वेगळं पोस्टकार्ड काढावं लागलं. संगीताच्या आणि लोककलेच्या कार्यक्रमाला गावोगावचे लोक लेखणी घेऊन बसून उत्तर देत होते, याहून मोठी दाद कोणती?

नव्वदच्या मध्यावर केबल आणि डिश आली आणि आमच्या सीमेवर एक आगळी गोष्ट घडली. हैदराबादहून ईटीव्ही सुरू झालं, आणि १९९६ पासून त्यावर ‘पाडुता तीयगा’ हा गायन स्पर्धेचा कार्यक्रम लागू लागला. सूत्रधार एस. पी. बालसुब्रह्मण्यम. मराठी घरांत त्यांची ओळख होती ती हिंदी चित्रपटांतल्या गाण्यांपुरती. इथे मात्र ते स्वतः कमी गात आणि नवख्या गायकांना जास्त गाऊ देत. भाषा अर्धीमुर्धी कळणाऱ्यालाही त्यांची रीत कळत असे. स्पर्धकाचं गाणं झालं की ते आधी त्या गाण्याच्या कवीचं नाव घेत, मग संगीतकाराचं. ही ओळ अशीच का लिहिली, इथे हा स्वर का लावला, हे सांगत. एखादा उच्चार चुकला असेल तर तेवढाच शब्द स्वतः म्हणून दाखवत, गळ्याला न दुखवता. आणि मग एखाद दुसरी ओळ गुणगुणत. त्या गुणगुणण्यात ज्या आवाजाने हजारो गाणी गायली तो आवाज होता, पण समोरच्या मुलावर दडपण यावं अशा ताकदीने तो कधी लावलेला दिसला नाही. परीक्षणाची ही रीत मला आजवर पाहिलेल्यांत सर्वांत श्रीमंत वाटते. कार्यक्रमाचं नावही घंटसाला यांच्या एका गाण्यावरून घेतलेलं, म्हणजे दर वेळी नाव उच्चारताना आधीच्या पिढीला नमस्कार. २५ सप्टेंबर २०२० रोजी बालसुब्रह्मण्यम गेले. आज त्यांच्या मुलाने, एस. पी. चरण यांनी, तो कार्यक्रम पुढे चालवला आहे.

आपल्याकडे ‘सा रे ग म प’ने हे काम उचललं. हिंदीत १९९५ पासून सोनू निगम सूत्रसंचालन करत होते आणि परीक्षकांच्या खुर्चीत नौशाद, खय्याम, पंडित जसराज यांच्यासारखी माणसं बसत. मराठीत त्याचा कळस झाला तो २००८-०९ च्या लिटिल चॅम्प्समध्ये. आळंदीची कार्तिकी गायकवाड, रत्नागिरीचा प्रथमेश लघाटे, अलिबागची मुग्धा वैशंपायन, पुण्याची आर्या आंबेकर, लातूरचा रोहित राऊत. या पाच नावांतच महाराष्ट्राचे निरनिराळे सूर आहेत. आर्याच्या गळ्यात भावगीताची नजाकत, प्रथमेशच्या गळ्यात नाट्यगीताची आणि अभंगाची धार, रोहितला आधुनिक चित्रपटगीताची ओढ, मुग्धाचं वय एवढं लहान की तिच्या समजुतीचं नवल वाटे. आणि शेवटी जिंकलेली कार्तिकी, तिच्या आवाजात वारकरी फडाचा मोकळा, उघडा सूर. हा सूर शहरी कानाला कधी कधी खरखरीत वाटतो. आमच्या भागातल्या भजनी मंडळांना मात्र तो घरचा वाटला, कारण उघड्यावर, ध्वनिक्षेपकाशिवाय गाणाऱ्याचा गळा असाच घडतो.

त्या कार्यक्रमाचं रसग्रहण करताना वादकांना वगळलं तर अन्याय होईल. कमलेश भडकमकर यांचं संयोजन, अमर ओक यांची बासरी, सत्यजित प्रभूंचं कीबोर्ड, अर्चिस लेले यांचा तबला, निलेश परब यांची ढोलकी. मुलांचे गळे लहान, पट्टी प्रत्येकाची वेगळी, आणि दर आठवड्याला नवी गाणी. तरी मूळ गाण्यातले वाद्यांचे तुकडे जसेच्या तसे वाजत, आणि मूल एखाद्या जागी डगमगलं तर ठेका त्याला अलगद सावरून घेई. पल्लवी जोशींचं सूत्रसंचालन मोठ्या बहिणीचं होतं. गुण आकड्यांत न देता सुरांत देण्याची कल्पनाही सुरेख. फक्त एक गोष्ट तेव्हाही खटकत होती आणि आता फार वाढली आहे. मूल ऐन तानेत असताना कॅमेरा आईच्या डोळ्यांतल्या पाण्याकडे वळतो. आईचं पाणी खरं असतं, यात शंका नाही. पण त्या क्षणी गाणं पाहायचं राहून जातं. तान कुठून उचलली, श्वास कुठे चोरला, समेवर येताना तबलजीकडे पाहिलं की नाही, हे सगळं त्या चार सेकंदांत निसटतं. जुन्या दूरदर्शनकडे कॅमेरे कमी होते, म्हणून तरी ते गाणाऱ्यावर स्थिर राहत. त्या स्थिरपणाने आमच्यासारख्या लांबच्या श्रोत्यांना गाणं पाहायला शिकवलं. आज कॅमेरे भरपूर आहेत. ते गाणं होईपर्यंत गाणाऱ्यावर ठेवायला कुणाची आडकाठी नाही.

त्या काळातलं बरंचसं चित्रण आता मिळत नाही. टेप महाग असत, आणि जुन्या टेपवर नवं चित्रण करण्याची पद्धत होती. उरलेल्यातला काही भाग प्रसार भारतीने आपल्या संग्रहातून इंटरनेटवर खुला केला आहे. तो जरूर पाहा, आणि पाहताना गाणं पुढे ढकलू नका, पूर्ण होऊ द्या. कोरपना, राजुरा, जिवती, गडचांदूर इथल्या ज्या घरांत नव्वदच्या दशकातल्या व्हीसीआरच्या कॅसेट अजून ट्रंकेत असतील, मग त्यांत टीव्हीवरची मैफल असो की गावातली दंडार, त्यांनी त्या फेकू नयेत. चुंबकीय फीत दमट हवेत बुरशी धरते आणि वर्षागणिक क्षीण होत जाते. नागपूर-चंद्रपुरात कॅसेटवरचं चित्रण संगणकात उतरवून देणारा कुणी सापडत असेल तर या हिवाळ्यातच ते करून घ्या.